मराठी पॉडकास्टसाठी एआय टूल, कुठलं घ्यावं?

ठाण्याच्या पहिल्या ट्रेनवर दहा मिनिटांचा एपिसोड करायचा होता, म्हणजे १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, साहिब सिंध सुलतान ही तीन इंजिनं वगैरे, आणि घरी माइक लावून बसायचं तर खाली रिक्षांचे हॉर्न, म्हणून म्हटलं एआयलाच कामाला लावू.

गुगलचं नोटबुकएलएम फुकटात भारी आहे. पीडीएफ टाकायची आणि दोन एआय आवाज गप्पा मारत सगळं समजावतात, २०२५ च्या एप्रिलपासून पन्नासवर भाषांत चालतं, मराठीतपण. आधी थोडी सूचना लिहून दिली तर ऐकतं, पण ऑडिओ झाल्यावर त्यातलं एक वाक्य बदलू म्हणाल तर तसं नाही, सगळं परत बनवायचं.

इलेव्हनलॅब्समध्ये उलटं, स्क्रिप्ट तुमची, आवाज निवडा, नाहीतर स्वतःचा क्लोन करा, नको तेवढीच ओळ परत करा. फ्रीमध्ये महिन्याला १०,००० क्रेडिट, म्हणजे आवाज बनवायचा कोटा, मिळतात, ती लांब स्क्रिप्टला पुरत नाहीत हां.

तिसरं एक ॲप होतं, नाव घेत नाही, पैसे भरून घेतलं आणि त्यातल्या आवाजाच्या बाईसाहेब ठाण्याला 'ठेन' म्हणायला लागल्या! मासुंदा तलावाचं तर 'मसुंडा'. आई म्हणाली, ही कुठली रे पाहुणी? रिफंड अजून आलेला नाय.

मी आता माहिती चाळायला नोटबुकएलएम वापरतो, स्क्रिप्ट स्वतः लिहितो आणि फायनल आवाज इलेव्हनलॅब्सचा. इंजिनांची नावं तेवढी दोनदा ऐकून घ्या.