पेडण्यातील एक खानावळ आणि तिच्या फळ्यावरचे छोटे देश

उत्तर गोव्यातील पेडण्याच्या बाजारातून मोपाच्या दिशेने निघाले की फणसाच्या दोन झाडांमागे एक कौलारू खानावळ लागते. तिच्या दारावर नावाची पाटी नाही आणि आजूबाजूचे लोकही तिला नुसते 'खानावळ' म्हणूनच ओळखतात. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून टॅक्सीवाले आणि रात्रपाळीचे कामगार येथे उशिरापर्यंत जेवायला येत असल्यामुळे इतरांची चूल विझल्यानंतरही येथे भात शिजत असतो. २०२४ च्या ऑगस्टमध्ये मी येथे चार वेळा जेवले. त्यातील तीन वेळा जेवणासाठी नव्हे, तर पॅरिस ऑलिम्पिक पाहण्यासाठी गेले होते, म्हणून हा अभिप्राय जेवणाइतकाच येथील पडद्याविषयीही आहे.

आधी जेवणाविषयी. यांत्रिक मासेमारीवरील पावसाळी बंदी ३१ जुलैला संपली आणि ३ ऑगस्टच्या शनिवारी, म्हणजे श्रावण लागण्याच्या दोनच दिवस आधी, आम्ही उभयता पहिल्यांदा येथे आलो, तेव्हा ताटात ताजी सुंगटे, म्हणजे कोळंबी, होती. उकडा भात, सुंगटांचे हुमण (आमटी), तळलेला बांगडा, सुक्या सुंगटांची किसमूर (कोशिंबीर), एक तोंडाक (खोबऱ्याच्या वाटणातली उसळ) आणि सोलकढी एवढे ताट तेव्हा १८० रुपयांना मिळत होते. हुमणात हरमल गावची मिरची वापरतात असे मालकांनी सांगितले आणि रंग पाहता ते खरे वाटले. तिखटपणा जिभेवर बसत नाही, हळूहळू घशात उतरतो. किसमूर मागितल्याशिवाय वाढत नाहीत, याचे कारण मला कळले. ती आयत्या वेळी कालवतात, त्यामुळे खोबरे ओले राहते आणि सुंगटांचा कुरकुरीतपणा टिकतो. बांगड्याला मात्र रवा फार जाड लावतात. वरचे आवरण खाऊन संपेपर्यंत आतला मासा निवतो, आणि बंदी नुकतीच उठलेली असताना मिळालेला ताजा बांगडा असा झाकून टाकणे योग्य नाही.

आता पडद्याविषयी. गल्ल्याशेजारी मोठा दूरचित्रवाणी संच आहे आणि आत, पाटावरवंट्याच्या खोलीच्या दारावर, एक लहान संच आहे. गोव्यात खेळ दाखवणाऱ्या जागा पुष्कळ आहेत, पण तेथे फुटबॉल किंवा क्रिकेट असते आणि भारताचा खेळाडू बाद झाला की लगेच वाहिनी बदलली जाते. येथे तसे होत नाही. ज्या फळ्यावर एरवी 'आजचे मासे' लिहितात, त्या फळ्याच्या उजव्या अर्ध्या भागात मालकांची कॉलेजात जाणारी मुलगी खडूने रोजचा कार्यक्रम लिहीत होती. त्या शनिवारी तिने लिहिलेल्या दोन ओळी मी वहीत उतरवून घेतल्या: 'रात्री ११:५० तिहेरी उडी, डॉमिनिका (आपल्या पेडण्याएवढा देश)' आणि 'रात्री १२:५० शंभर मीटर, सेंट लुसिया (तिसवाडीएवढा देश)'.

ही तुलना तिने अंदाजाने केलेली नव्हती. २०११ च्या जनगणनेत पेडणे तालुक्याची लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास आणि पणजी शहर ज्यात येते त्या तिसवाडी तालुक्याची पावणेदोन लाखांच्या वर होती. कॅरिबियन समुद्रातील या दोन बेटांची लोकसंख्याही साधारण तेवढीच आहे. शेजारच्या टेबलावरील एका टॅक्सीवाल्या दादांनी डॉमिनिका म्हणजे डॉमिनिकन प्रजासत्ताक असा समज करून घेतला होता, तेव्हा त्या मुलीने भाताचे पातेले हातात तसेच धरून दोन्ही देश वेगळे असल्याचे त्यांना समजावून सांगितले. वाढपाच्या कामात इतकी आस्था मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते, त्यामुळे तिहेरी उडीविषयी थोडे अधिक लिहिले तर वाचकांनी समजून घ्यावे. धावत येऊन फळीवरून झेप घ्यायची, त्याच पायावर उतरायचे, मग दुसऱ्या पायावर लांब पाऊल टाकायचे आणि शेवटी वाळूत उडी घ्यायची, असा हा प्रकार आहे. प्रत्येक टप्प्यावर वेग किती राखला यावर सारे अवलंबून असते. डॉमिनिकाच्या थिया लाफॉन्ड यांनी दुसऱ्याच प्रयत्नात १५.०२ मीटर अंतर गाठले. मार्च २०२४ मध्ये ग्लासगोच्या जागतिक इनडोअर स्पर्धेत त्यांनी १५.०१ मीटर उडी मारून सुवर्ण मिळवले होते, म्हणजे त्या रात्रीचे यश अचानक आलेले नव्हते. पंधरा मीटर म्हणजे नेमके किती, असा प्रश्न मालकांनी केला. खानावळीच्या जमिनीला फूटभराच्या फरशा आहेत. मुलीने हात धुण्याच्या कुंडीपासून मोजायला सुरुवात केली. ३६ फरशांवर हॉल संपला, पुढे व्हरांड्यात ८ भरल्या, आणि तरीही पाच फूट उरले; तेव्हा ती अंगणात भर पावसात उभी राहून 'एथपर्यंत' असे ओरडली. सगळे जेवण सोडून दारात आले होते. पुढचे सर्व प्रयत्न पार पडले तरी कोणालाही पंधरा मीटर गाठता आले नाहीत. जमैकाच्या शॅनिका रिकेट्स १४.८७ मीटरवर दुसऱ्या राहिल्या आणि डॉमिनिकाला तिच्या इतिहासातील पहिले ऑलिम्पिक पदक मिळाले, तेही सुवर्ण.

मधल्या वेळात भारताचे मुष्टियोद्धे निशांत देव यांची ७१ किलो गटातील उपांत्यपूर्व लढत होती. दुपारी नेमबाज मनू भाकर २५ मीटर पिस्तुलात चौथ्या आल्यामुळे सर्वांचेच मन खट्टू होते आणि मुष्टियुद्ध मोठ्या पडद्यावर लावावे अशी साहजिक मागणी झाली. मालकांनी ती मान्य केली, मात्र उडीचे प्रक्षेपण बंद न करता आतल्या लहान संचावर चालू ठेवले. हा निर्णय मला फार समंजस वाटला. मेक्सिकोच्या मार्को वेर्दे यांनी पंचांच्या विभागलेल्या कौलाने लढत जिंकली, हॉलमध्ये बराच वेळ कोणी बोलले नाही, आणि तेवढ्यात वीज गेली.

येथे सेवेतील सर्वांत मोठी उणीव सांगायला हवी. इन्व्हर्टरवर पंखे आणि दोन्ही संच चालतात, परंतु इंटरनेटचा राउटर त्यावर जोडलेला नव्हता. पेडण्यात ऑगस्ट महिन्यात वीज जाणे ही काही अनपेक्षित गोष्ट नव्हे. मालकांनी स्वतःच्या मोबाइलवरून जोडणी करेपर्यंत सहा-सात मिनिटे गेली आणि शंभर मीटरची शर्यत आम्हाला मिळाली ती अगदी थोडक्यात. शिवाय मोबाइलवरून येणारे चित्र प्रत्यक्षापेक्षा मागे असते. दाराजवळ बसलेल्या एका मुलाच्या फोनवर निकाल आधीच पोहोचला आणि पडद्यावर धावपटू अजून उकिडव्या बसलेल्या असतानाच त्याने 'सेंट लुसिया!' अशी आरोळी ठोकली. माझा विरस झाला, हे मान्य करते. दुसऱ्या वेळी गेले तेव्हा फळ्याखाली 'शर्यत चालू असताना फोन पालथे ठेवावेत' अशी सूचना लिहिलेली होती आणि लोक ती पाळत होते.

निकाल कळला असूनही ती शर्यत पाहताना अंगावर काटा आला. ओल्या धावपट्टीवर सेंट लुसियाच्या ज्युलियन अल्फ्रेड पहिल्या पावलापासून पुढे होत्या. त्यांनी १०.७२ सेकंद वेळ दिली. अमेरिकेच्या शाकॅरी रिचर्डसन १०.८७ सेकंदांत दुसऱ्या आल्या. शंभर मीटरमध्ये इतके अंतर म्हणजे दीड मीटरची उघडी जागा. लहानपणी पायात बूट नसताना, शाळेच्या गणवेशातच धावत असल्याचे अल्फ्रेड यांनी सांगितले आहे, आणि माझ्या शाळेत आजही अशा मुली असल्यामुळे मला ती गोष्ट परकी वाटत नाही. सेंट लुसियाचेही ते पहिलेच ऑलिम्पिक पदक होते. एका संध्याकाळी, एकाच मैदानावर, दोन चिमुकल्या बेटांना आपापले पहिले पदक मिळाले, आणि पेडणे तालुक्यातील वीस-पंचवीस माणसे रात्री एक वाजता उभी राहून टाळ्या वाजवत होती.

छोट्या संघांविषयी मालकांना एवढी ओढ का, हे मी बिल देताना विचारले. जानेवारी २०१४ मध्ये गोव्यात लुसोफोनिया, म्हणजे पोर्तुगीज भाषेशी नाते असलेल्या देशांच्या, क्रीडास्पर्धा झाल्या, तेव्हा ते खेळाडूंची बस चालवत असत. एका रात्री बांबोळीहून परतताना पन्नास आसनांच्या बसमध्ये एका आफ्रिकी बेटराष्ट्राचे मोजकेच खेळाडू पुढच्या दोन बाकांवर बसले होते आणि बाकीची बस रिकामी होती. त्यांतील एकाने उतरताना आपल्या देशाचा बिल्ला काढून त्यांच्या हातात ठेवला. तो बिल्ला गल्ल्याच्या खणात सुट्या पैशांच्या डबीशेजारी आहे. कडेचा रंग उडाला असून पाठीमागची टाचणी गंजली आहे. केप व्हर्डेच्या डेव्हिड दे पिना यांनी मुष्टियुद्धात आपल्या देशाला पहिले ऑलिम्पिक पदक मिळवून दिले, त्या आठवड्यात येणाऱ्या प्रत्येकाला त्यांनी सोलकढीचा पेला फुकट दिला. केप व्हर्डेचा संघही २०१४ मध्ये गोव्यात आला होता.

मधल्या दोन भेटींविषयी विशेष सांगण्यासारखे नाही. सेवा तत्पर, भात गरम, आणि मुष्टियुद्धाच्या वेळी आवाज कानठळ्या बसवणारा. चौथ्यांदा गेले तो १८ ऑगस्टचा श्रावणातील रविवार होता. ऑलिम्पिक संपून आठवडा झाला होता आणि जेवण शिवराक, म्हणजे शाकाहारी, होते. खतखते (मिश्र भाज्यांचा रस्सा) उत्तम जमले होते, तेफळाचा वास नेमका होता. हळदीच्या पानातल्या पातोळ्या मात्र अकरालाच संपल्या, तेव्हा ज्यांना हव्या असतील त्यांनी आधी सांगून ठेवावे. त्या दिवशी मुलीने भूतानच्या किन्झांग ल्हामो यांची चित्रफीत मोठ्या पडद्यावर लावली. भूतानच्या संघात तीनच खेळाडू होते. ल्हामो यांनी मॅरेथॉन ३ तास ५२ मिनिटे ५९ सेकंदांत पूर्ण केली, विजेत्या सिफान हसन यांच्यानंतर दीड तासाने, सर्वांत शेवटी; आणि पॅरिसच्या रस्त्यावरचे लोक त्यांच्या बाजूने धावत, सायकली हाकत त्यांना शेवटपर्यंत सोबत करत होते. माझ्या सासूबाई सहसा खेळ पाहत नाहीत. त्यांनी ती चित्रफीत पुन्हा लावायला सांगितली.

२८ ऑगस्ट २०२४ पासून पॅरालिम्पिक सुरू होणार होते आणि पडदा पुन्हा लावणार असल्याचे मालकांनी सांगितले होते. राउटर इन्व्हर्टरवर जोडण्याचे त्यांनी कबूल केले होते. तो जोडला की नाही हे पहिल्याच रात्री जाऊन पाहायचे मी ठरवले होते. आतला कोपरा कुटुंबांसाठी राखून ठेवतात, परंतु तेथून मोठा संच खांबाआड जातो, म्हणून स्त्रियांनी संकोच न करता खिडकीजवळचे टेबल मागावे, ते देतात. हात धुण्याच्या कुंडीजवळची फरशी पावसात निसरडी होते. तिच्यावर ३ ऑगस्टच्या रात्री मोजणीसाठी मारलेली खडूची पहिली रेघ हे लिहिले तेव्हा अजून पुसट दिसत होती.