पोलराइज्ड गॉगल: चकाकीवर उत्तम, स्क्रीनपुढे अडचणीचा

साध्या काळ्या काचेपेक्षा पोलराइज्ड गॉगलमध्ये वेगळे काय असते, ही माझी शंका पहिल्याच दिवशी तलावाच्या काठावर फिटली. साध्या गॉगलमधून पाणी नुसतेच काळवंडलेले दिसत होते; हा लावताच पृष्ठभागावरची पांढरी चकाकी नाहीशी झाली आणि तळाचे गोटे दिसू लागले. मान खांद्याकडे कलवली की चकाकी हळूहळू परत येते, आणि गॉगल खरा आहे की नाही हे पाहण्याची ही सोपी रीत आहे.

सूर्यप्रकाशाची कंपने सर्व दिशांना असतात. मात्र पाण्यावर लंबाशी साधारण 53 अंशांच्या कोनात पडून परावर्तित झालेल्या प्रकाशात केवळ आडवी कंपने उरतात आणि गॉगलमधले पटल नेमकी तीच अडवते. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ एतिएन-लुई मालुस यांनी 1808 मध्ये पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या तावदानांवरून येणारा प्रकाश कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिला, तेव्हा त्यांना परावर्तनाचा हा गुण आढळला. प्रकाशकणांना ध्रुव असावेत या कल्पनेतून त्यांनी पोलरायझेशन हा शब्द योजला. कल्पना मागे पडली, शब्द मात्र राहिला.

इंग्रजीत पोलरायझेशन हाच शब्द समाजातल्या दुफळीसाठीही वापरतात. मराठीने प्रकाशासाठी ‘ध्रुवण’ आणि समाजासाठी ‘ध्रुवीकरण’ असे वेगळे शब्द ठेवले, हे बरेच झाले. ध्रुवित प्रकाशाची कंपने एकाच दिशेत असतात, तर ध्रुवीकरण झालेल्या समाजाची दोन टोके होतात आणि मधली माणसे विरळ होत जातात. मतांमधले अंतर तेवढेच राहून परस्परांविषयीचा तिटकारा वाढला, तरी अभ्यासक त्याला भावनिक ध्रुवीकरण म्हणतात.

घरातले दोन गॉगल एकमेकांशी काटकोनात धरले तेव्हा पलीकडचा दिवा जवळजवळ दिसेनासा झाला. त्यांच्या मध्ये तिसरा 45 अंशांत सरकवला आणि दिवा मंदपणे पुन्हा दिसू लागला. मध्यस्थाची उपमा इथे सुचतेच, पण ती जपून वापरावी, कारण तिसरी काच दोघींच्या बाहेर धरली तर अंधार तसाच राहतो.

दोष सांगायचे तर मोबाइलचा एलसीडी स्क्रीन विशिष्ट कोनात फिरवताच काळा पडतो, आणि मोटारीच्या मागच्या काचेवर चट्टे दिसतात. शिवाय ध्रुवण म्हणजे अतिनील किरणांपासून संरक्षण नव्हे. त्याची नोंद काचेवर वेगळी पाहावी. पाणी, बर्फ किंवा ओला रस्ता रोज समोर असणाऱ्यांनी हा गॉगल जरूर घ्यावा. ज्यांचे काम एलसीडी पडदे वाचण्याचे आहे, त्यांना साधी काळी काच अधिक सोयीची पडेल.