भुसावळ यार्डाच्या कडेची बिनपाटीची टपरी: चहाला तीन स्टार, इंजिनांना पाच

आधीच सांगतो, चहासाठी जाणार असाल तर जाऊ नका. चहा बरा असतो, बस. साखर जास्त, आलं कधी असतं कधी नसतं, आणि सकाळी अकरानंतर गेलात तर मघाचाच चहा परत परत उकळून मिळतो. हा रिव्ह्यू ज्यांना गाडी आली की डब्यांच्या आधी इंजिनाचा नंबर बघायची खोड आहे त्यांच्यासाठी आहे. बाकीच्यांनी भजी तेवढी खाऊन यावी, ती चांगली आहेत.

मी जळगावचा. सुट्टीच्या दिवशी सकाळची पहिली मिळेल ती गाडी पकडायची, पंचवीसेक किलोमीटर तर अंतर, आणि भुसावळला उतरून यार्डाच्या कडेने चालत या टपरीवर यायचं, असं चार वर्षं चाललंय. टपरीला पाटी नाही. पत्र्याचं छप्पर, दोन बाकडी, एक मोडकी प्लास्टिकची खुर्ची जी फक्त बाबांची (बाबांबद्दल पुढे लिहितो), आणि मागच्या पत्र्यावर एक कॅलेंडर. मालकाला सगळे आप्पा म्हणतात. गेलं की "काय भो, आज उशीर?" हे ठरलेलं वाक्य, मग तुम्ही सकाळी सातला जा नाहीतर दहाला.

आता भुसावळच का, जळगावला पण गाड्या दिसतातच की, असं मला घरचे पण विचारतात. एक तर इथे मुंबईकडची लाईन, नागपूरकडची लाईन आणि खंडव्यावरून इटारसीकडची लाईन एकत्र येते, आणि जळगावला फुटणारी सुरतची लाईन आहे तिचा माल पण बराचसा इकडेच येतो. इलेक्ट्रिक लोको शेड, म्हणजे इंजिनांचं घर आणि देखभालीची जागा, इथेच. पण खरी गंमत वर्कशॉपची आहे. भुसावळला इलेक्ट्रिक इंजिनांचं मोठं वर्कशॉप आहे, तिथे पीओएच होतं, म्हणजे ठराविक वर्षांनी इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधायचं काम. त्यासाठी बाहेरच्या शेडची इंजिनं पण येतात, बऱ्याचदा मालगाडीला जोडून डेड (स्वतः बंद, नुसतं ओढत आणलेलं), पॅन्टो (छपरावरचा वीज घेणारा सांगाडा) खाली, रंग उडालेला, जाळ्यांवर काळं साचलेलं, आणि काही आठवड्यांनी तेच इंजिन नवरदेवासारखं चकचकीत होऊन बाहेर पडतं, अंगावर ताजी पीओएच तारीख स्टेन्सिल केलेली. जे इंजिन एरवी या लाईनवर तुम्हाला जन्मात दिसलं नसतं ते इथे चहा पिता पिता दिसतं. हे दुसऱ्या स्टेशनवर नाही होत ओ.

टपरीची जागा पण अशी आहे की कुंपणाच्या बाहेर बसून अख्खा यार्डाचा गळा, म्हणजे सगळे रूळ एकत्र येतात ती जागा, दिसतो. टपरी रुळांच्या दक्षिणेला, त्यामुळे हिवाळ्यात जवळजवळ दिवसभर सूर्य आपल्या पाठीमागे आणि इंजिनाच्या अंगावर उजेड. फोटोवाल्यांना याची किंमत कळेल. उन्हाळ्याचं मात्र विसरा. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की रुळांवरून झळा अशा उठतात की झूम केलेलं इंजिन पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं, नंबरातला तीन आहे की आठ ते कळत नाही, आणि पत्र्याखाली आपण भट्टीतल्या वांग्यासारखे भाजत असतो. मे महिन्यात सहा ते साडेआठ, त्यानंतर घरी जा.

रुळात उतरून फोटो काढायचा मोह होतो काहींना, तो करू नका. रेल्वे कायदा 1989 चं कलम 147 आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजारापर्यंत दंड, शिवाय आप्पा पण ओरडतात कारण एक पोरगा आत उतरला की आठवडाभर टपरीवरच्या सगळ्यांना त्रास.

बाबांबद्दल. बाबा म्हणजे रिटायर्ड ड्रायव्हर, लोको पायलट म्हटलं तर हसतात, म्हणतात आम्ही ड्रायव्हर म्हणूनच लागलो न ड्रायव्हर म्हणूनच उतरलो. या टपरीला मी पाच स्टार देतोय त्यातले दोन तरी त्यांचे आहेत. डोळे मिटून इंजिन ओळखतात आणि ही थाप नाही, मी त्यांना रुळांकडे पाठ करून बसवून बघितलंय. वॅप-4 (प्रवासी गाड्यांचं जुनं इलेक्ट्रिक इंजिन) आलं की ब्लोअरचा, म्हणजे थंड करणाऱ्या पंख्यांचा, तो गोंगाट असतो, वादळ आल्यासारखा, ते आपल्यालाही ओळखू येतं. पण वॅग-9 (मालगाडीचं इंजिन) सुटताना जुनं जीटीओवालं आहे की नवं आयजीबीटीवालं (मोटरला वीज देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्विचचे हे दोन प्रकार) हे बाबा आवाजावरून सांगतात. जुन्याचा सूर पायरी पायरीने चढतो, हार्मोनियमच्या पट्ट्या दाबल्यासारखा, नव्याचा तसा नाही येत. मला हे ऐकू यायला दीड वर्ष लागलं. आणि डिझेल आलं, त्यातही जुनं अल्को (जुन्या अमेरिकन डिझाइनचं), तर बाबा बोलणं थांबवतात आणि पूर्ण गाडी निघून जाईपर्यंत कप तसाच हातात धरून बसतात.

नंबर वाचायला पण त्यांनीच शिकवलं. सुरुवातीचे दोन आकडे बघायचे, 22 किंवा 25 असेल तर वॅप-4, 27 नाहीतर 28 म्हणजे वॅग-7, 31 म्हणजे वॅग-9, 60 ने सुरू झालं की वॅग-12. वॅप-7 30201 पासून सुरू झाली आणि मग 37, 39 पण लागले, तिथे नवीन पोरं अडखळतात. नावातली अक्षरं तर सोपी (वॅप म्हणजे WAP, वॅग म्हणजे WAG), डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी करंट, सी म्हणजे डीसी, पी प्रवासी, जी माल, एम दोन्हीला चालणारं. एवढं आलं की इंजिन स्वतःची ओळख स्वतःच सांगतं.

वॅग-12 वरून आठवलं. मधेपुऱ्याला बनणारं ते 12 हजार हॉर्सपॉवरचं, दोन भाग कायमचे जोडलेले, आठ अ‍ॅक्सल, 38 मीटरच्या वर लांबी. मे 2020 मध्ये यातलं पहिलं मालगाडीला लागलं आणि नंतर नागपूरला पण शेड झाली त्यामुळे आता आपल्या लाईनला दिसतं. पण इथून पहिल्यांदा दिसलं ते मी बघितलंच नाही. मी त्या रविवारी एका साखरपुड्याला पारोळ्याला, आणि इकडे आप्पांनी बघितलं. नंतर फोनवर सांगतात, "एक इंजन गेलं भो, संपतच नव्हतं." नंबर? लिहिलाय म्हणे, कॅलेंडरवर.

आता हे कॅलेंडर प्रकरण नीट समजून घ्या, कारण माझी मुख्य तक्रार तीच आहे. या टपरीवर कुणी काही वेगळं बघितलं की नंबर, शेड, वेळ आणि गाडी कुठल्या दिशेला गेली एवढं कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहायचं. त्याच चौकटीत दूध किती आलं ते पण असतं. म्हणजे "3 ली" आणि खाली "27 हजार अमुक, डेड, वर्कशॉपकडे, 8.20". पद्धत भारी आहे. मोबाईलवर फॉरवर्ड होऊन येणाऱ्या फोटोंपेक्षा लाख पटीने भरवशाची, कारण लिहिणारा तिथेच बसलेला असतो आणि खोटं लिहिलं तर बाबा पुढच्या वेळी सगळ्यांसमोर विचारतात. पण महिना संपला की पान फाडतात आणि त्यात भजी बांधून देतात. मी वॅग-12 चा नंबर बघायला म्हणून महिना उलटल्यावर गेलो (मधे दोन रविवार ऑफिसने खाल्ले) तर ते पान कुणीतरी दोन प्लेट मिरची भजीसोबत घरी घेऊन गेलेला. तेलकट हातांनी चुरगाळून फेकला असेल माझा नंबर. त्यानंतर वॅग-12 खूप बघितली पण ते पहिलं कुठलं होतं ते कायमचं गेलं. यासाठी एक स्टार कापला होता, मग भजी खाल्ली आणि परत दिला.

फॉरवर्डचा विषय निघालाच आहे तर तो किस्सा पण सांगून टाकतो. मागच्या हिवाळ्यात एक कॉलेजचा पोरगा आला, मोबाईल नाचवत, वॅकॅम-3 भुसावळला, कालची! वॅकॅम-3 म्हणजे एसी-डीसी दोन्हीवर चालणारं इंजिन, मुंबईकडे 1500 व्होल्ट डीसी होतं आणि इगतपुरीला करंट बदलायचा तेव्हाची गरज, 2015 पर्यंत तिकडचं सगळं 25 हजार व्होल्ट एसी झालं आणि या इंजिनांचं विशेषपण संपलं. कल्याण शेडची ही इंजिनं इकडे दिसणं म्हणजे बातमीच. आम्ही सगळे मोबाईलवर वाकलो, मी तर वेळ विचारायला पण लागलो. बाबांनी चष्मा लावला, फोटो बघितला, परत दिला आणि म्हणाले, "इंजन खरं आहे. पण मागे एवढा डोंगर दिसतोय, तो भुसावळला कोणी आणला?" इगतपुरीचा फोटो निघाला. पोरगा खोटं बोलत नव्हता हो, त्याला आलेलं त्याने दाखवलं. तेव्हापासून तो स्वतः येऊन बसतो आणि कॅलेंडरवर सगळ्यात नेटकं अक्षर त्याचंच आहे.

इथे बसणाऱ्यांत चाळीसगाव, पाचोऱ्याकडचे पण असतात. पाचोऱ्याचे एक काका आहेत, त्यांना या मोठ्या इंजिनांचं काहीच नाही, ते फक्त पीजेबद्दल बोलतात. पाचोरा-जामनेर नॅरोगेज, 56 किलोमीटर, 2020 मध्ये लॉकडाऊनला बंद झाली ती झालीच, आता तिथे ब्रॉडगेज करायचं काम आहे. आम्ही 6 हजार हॉर्सपॉवर 9 हजार हॉर्सपॉवर करत असतो आणि काका मधेच म्हणतात, आमच्या गाडीतून उतरून माणूस लघवी करून परत चढायचा. यावर कुणाकडे उत्तर नसतं.

9 हजारवरून आठवलं, गुजरातमधल्या दाहोदच्या कारखान्यातून सीमेन्सवालं 9000 हॉर्सपॉवरचं नवं माल इंजिन 26 मे 2025 ला पहिल्यांदा बाहेर पडलं, आणि त्यांच्या देखभालीच्या डेपोंमध्ये पुण्याचं नाव आहे. तेव्हापासून मी सुरत लाईनकडून काही येताना दिसलं की उभा राहतो. अजून इथे बसून तरी नाही मिळालं. नागपूर-पुणे वंदे भारत ऑगस्ट 2025 पासून जाते ती बघायला फॅमिलीवाले लोक येतात, बाकडं अडवतात, आमच्या दृष्टीने त्यात वेगळं इंजिनच नाही (मोटारी डब्यांखालीच) तर बघायचं काय. मुंबईची राजधानी दोन्ही टोकांना वॅप-7 लावून पुश-पुल धावते, ती खरी बघण्यासारखी, पण ती दोन्ही वेळा अंधारात जाते आणि टपरी तेव्हा बंद. संध्याकाळी सातला आप्पा शटर, म्हणजे ताडपत्री, ओढतात. एक दिवस थांबा म्हटलं तर म्हणाले राजधानीतलं कोणी उतरून चहा प्यायला येणार आहे का.

खायचं थोडक्यात. मिरची भजी घ्याच, मावशी करतात, आणि मिरची खरी तिखट असते, तोंड पोळलं म्हणून रिव्ह्यूत एक स्टार देणाऱ्या पुण्यामुंबईच्या लोकांनी पोहे खावेत. पोहे ठीक. थंडीत कधी कधी भरीत आणि कळण्याची भाकरी असते पण ती आदल्या रविवारी सांगून ठेवावी लागते आणि सांगितली तरी मिळेलच असं नाही, बाबांच्या घरी पाहुणे असले की तिकडे जाते. चहा दहा रुपये, भजी पंचवीस. चहा घेऊन तीन तास बसलं तरी कुणी उठवत नाही, फक्त दर तासाला आप्पा नुसतं बघतात, तेव्हा दुसरा चहा सांगायचा असतो.

बाथरूमची सोय नाही, स्टेशनलाच जावं लागतं. पावसाळ्यात पत्रा गळतो, बरोब्बर डाव्या बाकड्यावर, म्हणून कॅमेरा असेल तर उजवीकडे बसा. यूपीआय आहे पण त्याचा आवाज करणारा डबा बिघडलेला आहे, त्यामुळे पैसे गेले की मोबाईल दाखवावा लागतो आणि आप्पांना चष्म्याशिवाय दिसत नाही, सुटे नेलेले बरे.

आणि कॅलेंडरचं म्हणाल तर दिवाळीनंतर मी एक दोनशे पानी वही नेऊन दिली होती, पुठ्ठ्याची, रेघा आखून, नंबर-शेड-वेळ-दिशा असे रकाने पाडून. आप्पा खूश झाले, कपाळाला लावली. परवा जाऊन बघितलं तर वहीत पहिल्या पानापासून दुधाचा हिशोब, नंबरच्या रकान्यात लिटर, शेडच्या रकान्यात गवळ्याचं नाव, आणि इंजिनांचे नंबर अजून कॅलेंडरवरच.