विद्यापीठाच्या गेटसमोरचं झेरॉक्सचं दुकान: निवेदन टायपिंगचा अनुभव

पाचपैकी चार तारे. पाचवा का कापला ते पुढं येईल.

दुकानाचं नाव लिहीत नाही, शहराचंही नाही, कारण आमच्या निवेदनाचं उत्तर अजून यायचं आहे. मराठवाड्यात आहे एवढं पुरे. गेटसमोर पोह्याच्या गाडीला लागून पत्र्याचं शेड आहे, त्यात दोन झेरॉक्स मशीन, एक लॅमिनेशनचं, आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरवर काका. प्रोजेक्ट, स्पायरल, पासपोर्ट फोटो सगळं होतं, पण त्यासाठी गेटवर आणखी चार दुकानं आहेत. इथं यायचं ते निवेदनासाठी. पानाला तीस रुपये टायपिंग, प्रिंट वेगळी.

काकांच्या कॉम्प्युटरवर एक फोल्डर आहे. त्यातल्या फाइलींची नावं वाचली तरी विद्यापीठाचं वर्षभराचं वेळापत्रक कळतं: ‘वसतिगृह पाणी’, ‘कॅरी ऑन’ (म्हणजे नापासांनाही पुढच्या वर्गात बसू द्या), ‘स्कॉलरशिप थकीत’, ‘पेपर पुढे ढकलणे’, ‘घंटानाद’, ‘उपोषण (आमरण)’, ‘उपोषण (एक दिवस)’. ‘दुष्काळ परीक्षा फी माफी’ नावाची फाइल तर डेस्कटॉपवरच ठेवलेली. “ही आत ठेवतच न्हाई,” काका म्हणाले. “दरसाली काढायचीच असती. तालुक्याची नावं तेवढी बदलायची.” त्यात आमचं मंठाही होतं. मी नुसतं बघितलं, काही बोलले नाही.

आमचा विषय साधा होता. अभ्यासिका रात्री आठला बंद होते, ती अकरापर्यंत उघडी ठेवा. हॉस्टेलच्या खोलीत तिघी, त्यातली एक फोनवर, दुसरी झोपलेली, मग सेटचा (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेचा) अभ्यास करायचा कुठं? मी रात्री बसून दीड पान लिहिलं होतं. सात मागण्या, शेवटी ‘होणाऱ्या परिणामांस प्रशासन जबाबदार राहील’ हे ठळक अक्षरात.

काकांनी चष्मा कपाळावर सरकवून कागद वाचला. “कशाचे परिणाम गं माय? तुम्ही काय करणार हाव?”

आम्ही काहीच करणार नव्हतो. ती ओळ गेली.

“आन सात मागण्या कामून? सात दिल्या की त्यातली सगळ्यात सोपी मान्य करतेत, हार घालून घेतेत, बाकीच्या सहा पुढच्या वर्षी. एक ठिव.” मग ‘प्रति’मधलं विद्यार्थी विकास विभाग खोडून कुलसचिव केलं, विद्यार्थी विकासला खाली प्रत. सह्यांच्या कागदावर मी नाव, वर्ग, मोबाइल, सही असे रकाने आखले होते. मोबाइलचा रकाना त्यांनी न विचारताच उडवला. “पोरींचे नंबर टेबला-टेबलावर फिरवायचे न्हाईत.” हे मला सुचायला हवं होतं. आणि शेवटी, दोन प्रती काढा, एकीवर आवक विभागाचा शिक्का घेऊन ती जपून ठेवा. पोहोच नसेल तर निवेदन दिलंच नाही असं समजायचं. तीस रुपयांत एवढं मिळालं. राज्यशास्त्राच्या चार सेमिस्टरमध्ये मिळालं नव्हतं.

हे सगळं झेरॉक्सच्या दुकानात का शिकावं लागतं, याचंही काकांकडं उत्तर आहे. ते औरंगाबादला टाइपरायटरवर बसायचे तेव्हापासूनचं. “चौऱ्याण्णव साली तीन गोष्टी झाल्या. नामांतर झालं, नांदेडला येगळं विद्यापीठ झालं, आन इलेक्शन गेलं.” मी नंतर तपासलं, हिशोब बरोबर आहे. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार, १७ सप्टेंबरला नांदेडचं विद्यापीठ, आणि त्याच वर्षीच्या विद्यापीठ कायद्यानं विद्यार्थी प्रतिनिधी मतानं निवडण्याऐवजी मागच्या परीक्षेतल्या गुणांवर नेमायला सुरुवात केली. वर्गात पहिला आला तो प्रतिनिधी. “हुशार पोरगं लई भेतंय माय,” काका म्हणतात. “त्याला फुडं गाइड पायजे असतो. त्ये सायबापुढं कशाला बोलंल?” मग या नेमलेल्या पोरांतून विद्यापीठाचे पदाधिकारी निवडायची वेळ आली, की त्यांना जीपमध्ये घालून देवदर्शनाला न्यायचे आणि मतदानाच्या दिवशीच परत आणायचे, ही गोष्ट काकांनी इतक्या रंगात सांगितली की मागं लाइन लागली. (रांगेत उभं राहावं लागतं हा तोटा म्हणून लिहून घ्या. निम्मी रांग काकांच्या गप्पांमुळं असते.)

२०१६ च्या कायद्यानं थेट मतदान कागदावर परत आणलं. २०१९ मध्ये वेळापत्रकही लागलं. विद्यार्थी निवडणुकांसाठी नेमलेल्या लिंगडोह समितीच्या नियमात छापील पोस्टर चालत नाही, हातानं केलेलंच लागतं आणि उमेदवाराला खर्चाची मर्यादा पाच हजार. छपाईवाल्याला यात काय मिळणार? पण काका हुशार, त्यांनी कार्डशीटचे गठ्ठे आणि स्केचपेनांचे डबे भरून ठेवले. विधानसभा आली, निवडणूक पुढं ढकलली, मग कोरोना. मी आल्यापासून तरी माझ्या बोटाला विद्यापीठाची शाई लागलेली नाही. ती कार्डशीट अजून माळ्यावर आहे, कडा पिवळ्या पडल्यात. सेमिनारच्या पोस्टरला मी त्यातलीच घेतली, निम्म्या भावात दिली.

शाई लागते ती पदवीधरांच्या बोटाला. अधिसभेवर (सिनेटवर) पदवीधरांच्या दहा जागा, त्यांच्या मतदार नोंदणीच्या दिवसांत दुकानात पाय ठेवायला जागा नसते, पुढाऱ्यांची माणसं डिग्रीच्या झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन उभी. त्या आठवड्यात जाऊ नका.

काकांचा आणखी एक गुण म्हणजे एकमेकांची तोंडं न बघणाऱ्या संघटना त्याच खुर्चीवर बसून एकमेकांविरुद्धची निवेदनं टाइप करून नेतात, पण इकडचं तिकडं होत नाही. म्हणजे बोलण्यातून होत नाही. कॉम्प्युटरमधून होतं, आणि पाचवा तारा तिथंच गेला.

काका नवीन फाइल उघडत नाहीत, जुन्यावरच नवीन लिहितात. आमचं निवेदन कुणाच्या तरी मेसच्या निवेदनावर चढवलं. प्रिंट काढली, एकशे बारा सह्या घेतल्या, शिक्का मारून आणला, आणि पोह्याच्या गाडीवर बसून कौतुकानं वाचताना मैत्रीण थांबली. दुसऱ्या परिच्छेदात, अभ्यासिकेच्या वेळेच्या खाली, एक ओळ होती: ‘तसेच दि. ४ रोजी भाजीत अळी आढळून आली आहे.’

परत गेलो. काकांनी वाचलं, चष्मा पुसला, तीस रुपये पुढं केले. आम्ही घेतले नाहीत, त्यांनी चहा पाजला.

इतर सूचना: सुटे पैसे न्या, वीस रुपयांच्या आत फोनवरून घेत नाहीत. फॉन्ट जुना आहे, फाइल मेलवर घेतली तर चौकोन दिसतात, प्रिंटच घ्या. सकाळी अकराच्या आत जा. प्रूफ स्वतः वाचा, शेवटच्या ओळीपर्यंत.

निवेदन देऊन आता सात आठवडे झाले. अभ्यासिका अजून आठलाच बंद होते. मेसची भाजी मात्र दुसऱ्याच आठवड्यात बदलली.