पेलेट ग्रिल नऊ महिने वापरून: पेटवायची पहिली वीस मिनिटं

आषाढातला शेवटचा रविवार. श्रावण लागायच्या आधी घरी चौदा माणसं जेवायला, चार किलो चिकन आदल्या रात्रीपासून दही, आलं-लसूण आणि संकेश्वरी मिरचीत मुरवून ठेवलेलं, बाहेर धो धो पाऊस, मागच्या पत्र्याखाली ग्रिल, पेलेटवर म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्यांवर चालणारं. स्विच टाकला, पंखा फिरतोय, पेलेट पुढं ढकलणारा स्क्रू, म्हणजे ऑगर, फिरतोय, पेलेट फायरपॉटमध्ये, म्हणजे जळायच्या भांड्यात, पडल्याचा टकटक आवाज येतोय, पण धूर नाही. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. पेटंना म्हणजे पेटंना.

तेव्हाच ठरवलं होतं की यावर एकदा नीट लिहायचं. हॉपर, म्हणजे पेलेट भरायचा डबा, किती किलोचा, तापमान किती जातं, किती कोंबड्या मावतात हे सगळं तुम्हाला माहीत असणार, ते परत लिहीत नाही. मी फक्त ग्रिल पेटवणं आणि तापवणं एवढ्यावरच लिहिणार आहे, कारण नऊ महिन्यांत माझं सगळं डोकं त्यातच गेलंय आणि माझ्या मते या मशीनचं बरंवाईट तिथंच ठरतं.

माझं ग्रिल अमेरिकन आहे. मेव्हणा तिकडून कायमचा परत आला तेव्हा घरसामानाबरोबर घेऊन आला, पुण्याच्या फ्लॅटमध्ये सोसायटी धूर करू देईना, मग दिवाळीनंतर मी ३० हजारात घेतलं आणि टेम्पोत घालून बेळगावला आणलं. १२० व्होल्टचं मशीन, म्हणून २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लावला. मी इथल्या औद्योगिक वसाहतीत, उद्यमबागेत, मशीनशॉपला आहे, त्यामुळं खोलणं-जोडणं याची भीती नव्हती.

पहिल्याच दिवशी पेटलं नाही, ती माझी चूक होती. प्रवासात ऑगर पूर्ण रिकामा झालेला. हॉपरमध्ये पेलेट भरले तरी ते स्क्रूमधून पुढं सरकत फायरपॉटपर्यंत पोचायला कितीतरी मिनिटं लागतात, आणि तोवर इग्नायटर, म्हणजे तो हॉट रॉड, रिकाम्या भांड्यात तापून बंद होतो. ऑगर रिकामा असेल तर आधी तो चालवून पेलेट पडताना डोळ्यांनी बघायचे, मगच सुरू करायचं. नवीन ग्रिल असेल तर त्यानंतर काही न ठेवता ३५० फॅरेनहाइटवर, म्हणजे साधारण १७५ सेल्सियसवर, अर्धा-पाऊण तास नुसतं जाळायचं, कारखान्यातलं तेल-ग्रीस जळून जातं. माझं वापरलेलं होतं म्हणून ते करावं लागलं नाही.

आता खर्चाचं. खाण्याच्या कामाचे हार्डवुड पेलेट मला किलोला १२० रुपयांनी पडतात. हॉपरमधले पेलेट वजनकाट्यावर ठेवून बघितले, पेटवून पूर्ण तापेपर्यंत पावणेचारशे ग्रॅम जातात. म्हणजे अन्न आत जायच्या आधीच ४५ रुपये जळाले. हे मला सहन होईना, म्हणून पहिले दोन महिने मी धूर दिसला की लगेच चिकन ठेवायचो आणि तापायचा वेळ वाचवला असं समजायचो. दर वेळी कडवट चव. घरी सगळ्यांनी मसाल्याला दोष दिला, आलं जास्त झालं, मेथी पडली काय, असं. मसाल्याचं काही चुकत नव्हतं. सुरुवातीला भांड्यात जाळ धरलेला नसतो, लाकूड नुसतं धुमसत असतं, तेव्हा जो पांढरा दाट धूर निघतो त्यात अर्धवट जळालेलं डांबरासारखं सगळं असतं, आणि थंड ओल्या चिकनवर ते जाऊन बसतं. आजी चुलीवर भाकरी टाकायच्या आधी जाळ सरळ व्हायची वाट बघायची, तव्याला हात लावू द्यायची नाही, ते मला आठवायला दोन महिने लागले. पांढरा धूर जाऊन निळसर, दिसेल न दिसेल इतका बारीक धूर राहिला की मगच अन्न. त्या दिवसापासून कडवटपणा गेला तो परत आला नाही. ४५ रुपये जातात, जाऊ देत.

माझ्याकडचा कंट्रोलर जुन्या पद्धतीचा आहे, त्याला स्मोक सेटिंगवर, म्हणजे सगळ्यात मंद आचेवर, झाकण उघडं ठेवून पेटवायचं असतं. सगळं ठीक असेल तर चार-पाच मिनिटांत आतून स्टोव्हसारखा भर्र आवाज सुरू होतो, म्हणजे जाळ धरला, मग झाकण लावायचं आणि तापमान वाढवायचं. नव्या पुष्कळ मॉडेलना झाकण बंद ठेवूनच सुरू करायला सांगतात, तेव्हा तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय ते बघा, माझं बघून करू नका. आणि आकड्यावर भरवसा ठेवू नका. बाराव्या मिनिटाला स्क्रीनवर ३५० येतं, पण तो आकडा भिंतीजवळच्या सेन्सरचा, म्हणजे हवेचा. मी शॉपमधली इन्फ्रारेड गन आणून जाळी मोजली तर मध्ये ३२०, डाव्या कोपऱ्यात २६०. अजून आठ-दहा मिनिटं थांबल्यावर जाळी वर आली. हवा लवकर तापते, लोखंडाला वेळ लागतो, आणि झाकण उघडलं की हवा निघून जाते पण तापलेलं लोखंड जागेवर राहतं, त्याचाच खरा उपयोग.

आता मुख्य गोष्ट. हे सगळं करूनही माझं ग्रिल मेव्हण्यानं सांगितलं होतं तसं कधी पेटायचं नाही. तो म्हणायचा पाच मिनिटांत जाळ, मला सकाळी आठ आणि संध्याकाळी तेरा-चौदा मिनिटं लागायची, आणि स्मोकवर ठेवलं की कधी कधी मध्येच विझायचं. मार्चमध्ये मी त्याला फोनवर भंगार दिलंस म्हणालो. ते मी इथं मागं घेतो, कारण दोष मशीनचा नव्हता, आपल्या करंटचा होता.

ऑगरच्या मोटरवर पट्टी आहे, २ आरपीएम, म्हणजे मिनिटाला दोन फेऱ्या, आणि ६० हर्ट्झ, म्हणजे करंटची सेकंदाला ६० आवर्तनं. मी शाफ्टवर खडूनं खूण केली आणि फोनवर वेळ लावून बसलो. दहा फेऱ्यांना पाच मिनिटं लागायला पाहिजेत, लागली बरोबर सहा. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडं ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट कमी करतो, हर्ट्झ बदलत नाही, आणि ही मोटर हर्ट्झवर चालते. म्हणजे दर मिनिटाला मला सहातले पाचच वाटे पेलेट मिळत होते! हे कुणी सांगत नाही ओ, ट्रान्सफॉर्मर विकणारा तर नाहीच नाही.

यावर उपाय फुकटचा निघाला. स्मोक सेटिंगवर ऑगर १५ सेकंद चालतो आणि मग थांबतो, किती थांबायचं ते पी-सेटिंग ठरवतं. पी २ ला ६५ सेकंद थांबतो, पी १ ला ५५, पी ० ला ४५. माझ्या हळू मोटरचे १५ सेकंद म्हणजे तिकडचे साडेबारा. कागदावर मांडून बघितलं, पी १ केल्यावर पेलेटचं प्रमाण तिकडच्या पी २ च्या जवळजवळ येतं, वीसातला एक वाटा कमी पडतो तेवढाच. कंट्रोलरवरच्या बारीक भोकात पिन घालून दाबायचं बटण आहे, काम झालं. त्यानंतर एकदाही मध्येच विझलं नाही. भर पावसात मी पी ० ठेवतो.

राहिलं संध्याकाळचं कोडं. हॉट रॉडवर १२० व्होल्ट, २०० वॅट लिहिलंय. ट्रान्सफॉर्मर देतो ११०, म्हणजे तिथंच १६८ वॅट झाले. संध्याकाळी आमच्या गल्लीत सगळ्यांचे पंप, गिझर चालू झाले की लाईन २०० वर येते, मग ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडं ९६ व्होल्ट, आणि रॉडची ताकद १२८ वॅट. व्होल्ट थोडे पडले तरी उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या हिशोबानं पडते. १२८ वॅटच्या रॉडला पेलेट पेटवायला वेळ लागणारच, आणि तोवर ऑगर पेलेट टाकतच असतो, भांडं भरतं, रॉड त्याच्या खाली गाडला जातो, हवा मिळत नाही, धूर नुसता वाढत जातो. म्हणून संध्याकाळी जेवण करायचं असेल तर मी पाचच्या आत पेटवून ठेवायचो.

याच्यातलं धोक्याचं पण सांगतो, कारण जूनमध्ये थोडक्यात वाचलो. पेटत असताना करंट गेला, आला, परत गेला. प्रत्येक वेळी मी तसंच परत सुरू केलं. भांड्यात ढीग साठलेला, आत पिवळट-पांढरा धूर कोंडलेला, झाकण मी पावसाच्या शिंतोड्यांमुळं लावून ठेवलेलं. तिसऱ्या वेळी धप्प करून भडका झाला आणि झाकण वर उचललं गेलं. धाकटी मुलगी दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तेव्हापासून आमच्या घरी नियम आहे, करंट गेला की स्विच बंद, सगळं थंड होऊ द्यायचं, जाळी-ट्रे काढून भांडं रिकामं करायचं, आणि मगच पहिल्यापासून. आपल्याकडं दिवसातून चार वेळा करंट जातो, तेव्हा आता साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवरच घेतलंय, सुरुवातीची दहा मिनिटं अडीचशे-तीनशे वॅटच्या आसपास ओढतं, नंतर पन्नास-साठ. बंद करताना पण प्लग ओढायचा नाही, शटडाऊन पूर्ण होऊ द्यायचं, पंखा भांड्यातलं उरलेलं जाळून संपवतो, नाहीतर विस्तव ऑगरमधून मागं सरकू शकतो.

तर त्या आषाढातल्या रविवारी रॉड मेला होता. मल्टिमीटर लावला, ७२ ओहम यायला पाहिजेत, काहीच येईना, आतून तुटलेला. चौदा माणसं घरात. जाळी, ट्रे, मधला पत्रा काढला, भांड्यात मूठभर पेलेट घातले, वर कापराच्या चार वड्या ठेवून काडी लावली, जाळ चांगला धरल्यावर पत्रे परत बसवून ग्रिल चालू केलं. कापूर पूर्ण जळून गेला आणि धूर निळा झाला तोवर थांबलो, मगच चिकन ठेवलं. जेवण पाऊण तास उशिरा पण चांगलं झालं, पांढऱ्या भाताबरोबर एक तुकडा उरला नाही. पेट्रोल, रॉकेल असलं काही चुकूनसुद्धा ओतू नका.

सोमवारी मोठ्या शहरातल्या एका विक्रेत्याला फोन केला, हे असली ग्रिल मागवून विकतात. सुटा रॉड मिळणार नाही, पूर्ण बर्नर असेंब्ली घ्या, १८ हजार, सहा आठवडे. मी सांगितलं की साडेनऊ मिलिमीटर जाड, सहा इंच लांब, साधा कार्ट्रिज हीटर आहे, प्लास्टिकच्या डायमध्ये रोज बघतो मी. तो ऐकायला तयार नाही, उलट तुम्ही भारतात चालवलंत म्हणून गेला असं म्हणाला. तीन वेळा फोन, दोन मेल, शेवटी उत्तर यायचंच बंद झालं. याचा मला अजून राग आहे. उद्यमबागेतच हीटर भरून देणारे आहेत, त्यांच्याकडून ६५० रुपयांत तीन दिवसांत करून घेतला, आणि मुद्दाम १०० व्होल्टला २०० वॅट असा भरून घेतला, म्हणजे संध्याकाळच्या ९६ व्होल्टलासुद्धा १८४ वॅट मिळतात. दिवसा पूर्ण व्होल्टेजला २४० च्या वर जातो, तो कमी दिवस टिकेल हे मान्य, ६५० रुपयांत परत भरून घेईन. हे काम वायरिंग येणाऱ्यानंच करावं, आणि फ्यूज आहे तोच ठेवावा.

पेलेटबद्दल थोडं. आपल्याकडं बॉयलरचे पेलेट स्वस्त मिळतात, उसाच्या चिपाडाचे, भुश्श्याचे, मला पण मोह झाला. अन्न न ठेवता एकदा जाळून बघितले. तासाभरात भांडं राखेनं भरलं, खड्यासारखी राख, आणि दुसऱ्या दिवशी पेटलं नाही. शिवाय ते जाड होते, स्क्रूमध्ये अडकत होते, आणि कुठलं लाकूड, काय मिसळलंय याचा पत्ता नाही, अन्नाला वापरू नका. ओल हा दुसरा शत्रू. पेलेट लाकडातल्याच चिकटपणानं धरलेले असतात, पाणी लागलं की फुगून भुसा होतो आणि ऑगरमध्ये सिमेंटसारखा बसतो. आपल्याकडं जुलैत भिंतींना घाम येतो, घाटातल्या धो धो पावसाच्या कणकुंबीकडं तर बोलायलाच नको. मी हॉपर रोज रिकामा करतो, पेलेट झाकणाच्या निळ्या बॅरलमध्ये. मोडून बघायचा, टक्क आवाज करून तुटला तर चांगला, बोटात चुरा झाला तर फेकून द्यायचा. आणि भांड्यातली राख दर तिसऱ्या वेळी काढतो, राखेत बुडालेला रॉड पेलेट पेटवत नाही, स्वतःच जळतो.

एवढा त्रास का काढतो असं घरी विचारतात. पहिल्या महिन्यात, नोव्हेंबरात, आपल्या इथली रताळी नुसती धुऊन अख्खी ठेवली होती, ४०० वर, तासभर. त्या दिवशी फोन आला म्हणून ग्रिल आपोआप अर्धा तास नुसतं तापत राहिलं होतं. साल आतून सुटलेली, पाक बाहेर येऊन जाळीवर काळा झालेला, लाकडाचा वास. आईनं तूप न लावता दोन खाल्ली, आणि ती रताळ्याला हात लावत नाही. ते आधी पूर्ण तापल्यामुळं झालं हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

काल संध्याकाळी सात वाजता लाईन २०५ होती, पी १, नवा रॉड. स्विच टाकल्यापासून चार मिनिटं दहा सेकंदांत जाळ धरला, बाविसाव्या मिनिटाला जाळीचा डावा कोपरा ३४०. श्रावण आहे म्हणून कणसं आणि भरताची वांगी. रताळी अजून बाजारात यायची आहेत, दोन पोती पेलेट आत्तापासूनच बॅरलमध्ये भरून ठेवलेत.