गोल वाकवून दाखवलेला ‘हाय-एंड’ फिशिंग रॉड: फसवणूक कुठे होते आणि घेण्याआधी ती कशी ओळखायची

विक्रेता रॉडचं टोक हातात धरतो, पार मुठीपर्यंत ओढून आणतो, जवळजवळ पूर्ण गोल करतो आणि सोडून देतो. रॉड मोडत नाही. व्हिडिओखाली एखाद्या नामांकित कंपनीच्या सर्वांत वरच्या मालिकेचं नाव, किंमत निम्म्याहून कमी आणि कारण ठरलेलं: निर्यातीतून उरलेला माल, किंवा रंगात किरकोळ खोट म्हणून बाजूला काढलेला नग. बघणाऱ्याला तो गोल म्हणजे दर्जाची खात्री वाटते. जाणकाराला त्याच गोलावरून संशय येतो.

महाग रॉड कार्बन धाग्यांपासून बनतात, आणि त्या धाग्याचा ताठपणा मॉड्युलस या मापाने मोजतात. रॉडच्या बाजारात तो टनात सांगतात. २४ टन म्हणजे साधारण २३५ गिगापास्कल. टोरे कंपनीचा टी७०० हा धागा २३० गिगापास्कलचा, टी८०० हा २९४ चा, एम४०जे हा ३७७ चा. आकडा वाढतो तसा तेवढाच ताठपणा कमी मालात मिळतो, म्हणून महाग रॉड हलका असतो. पण तुटण्याआधी ताणलं जाण्याची क्षमता त्याच वेळी घटते. टी७०० सुमारे २.१ टक्के ताण घेतो, एम४०जे १.२ टक्क्यांपाशी संपतो. रॉडमध्ये वापरली जाणारी काच, म्हणजे ई-ग्लास नावाचे काचेचे तंतू, ताठपणात जेमतेम ७२ गिगापास्कलची, पण चार टक्क्यांहून जास्त ताण सोसते. गोल वाकून सरळ होणारा रॉड बहुतेक वेळा काचेचा किंवा काचेची भरपूर भर घातलेला असतो. शेक्सपियर कंपनीचा अग्ली स्टिक हा रॉड १९७६ पासून काच आणि कार्बन एकत्र करूनच बनतो आणि त्याची ख्यातीच न मोडण्याची आहे. त्यात लपवाछपवी नाही, किंमतही तशीच असते. क्रँकबेट या बुडी मारणाऱ्या नकली माशासाठी काही चांगल्या कंपन्या मुद्दाम काचेचे रॉड काढतात, तेही उघड लिहून. फसवणारा नेमका ‘महाग म्हणजे मजबूत’ हा समज विकत असतो. वरच्या किमतीचा रॉड निष्काळजी हातात स्वस्त रॉडच्या आधी मोडतो, हे गिऱ्हाइकाला आधी कुणी सांगत नाही.

रॉडवर छापलेल्या शब्दांचंही तसंच. ‘९९ टक्के कार्बन’ म्हणजे धाग्यांपैकी ९९ टक्के कार्बन. तो कोणत्या प्रतीचा आणि धागे बांधून ठेवणारं रेझिन किती, याचा त्यात पत्ता नसतो. साध्यातल्या साध्या २४ टनी कार्बनचा रॉडही ९९ टक्केवाला असू शकतो. ‘आयएम६’, ‘आयएम७’ ही मुळात हर्क्युलिस आणि पुढे हेक्सेल या कंपन्यांच्या धाग्यांची व्यापारी नावं. विक्रेत्यांनी त्यांची परीक्षेच्या गुणांसारखी शिडी करून टाकली, आणि मग ‘आयएम१२’ छापायला कुणाची परवानगी लागेनाशी झाली. ‘४० टन’ हा दावा तांत्रिकदृष्ट्या खरा असूनही दिशाभूल करू शकतो, कारण एका ब्लँकमध्ये, म्हणजे रॉडच्या मूळ पोकळ दांड्यात, वेगवेगळ्या प्रतींचे तुकडे गुंडाळलेले असतात. चांगले कारखानेही हेच करतात आणि ते योग्यच आहे. पण एक अरुंद पट्टी ४० टनांची घालून सगळा रॉड त्या नावावर विकणं वेगळं. वरून दिसणारी कार्बनची सुंदर वीण तर पुष्कळदा निव्वळ सजावट असते. नकली मालावर ती छापलेल्या पापुद्र्याची निघते.

फसलेल्यांचा अनुभव साधारण एकाच वाटेने जातो. जाहिरातीतले फोटो कंपनीच्या कॅटलॉगमधून उचललेले असतात. प्रत्यक्ष रॉडचा फोटो मागितला की ‘माल गोदामात आहे’. पैसे आगाऊ आणि परत न फिरणाऱ्या मार्गाने हवे असतात. पार्सल येतं, त्यात कापडी पिशवी, हमीचं कार्ड, सगळं असतं. तक्रार केली तर उत्तर येतं: परत पाठवा, खर्च तुमचा. सात फुटी एकसंध रॉड लांब नळीतून पाठवायचा तर वाहतूक इतकी महाग पडते की माणूस हिशेब करतो आणि गप्प बसतो. या धंद्याचा पायाच तो हिशेब आहे. म्हणून परतीचा खर्च कुणी द्यायचा, हे पैसे देण्याआधी लेखी घ्यावं.

पार्सल उघडताना अखंड व्हिडिओ काढा, नळीवरच्या पत्त्यापासून. रील, म्हणजे दोरी गुंडाळायची चरखी, बसवायच्या आधी रॉड वजनकाट्यावर ठेवा. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा घरगुती काटा पुरतो. पुष्कळ कंपन्या मॉडेलचं वजन कॅटलॉगमध्ये देतात. मुठीचा कॉर्क आणि इपॉक्सीचा चिकट लेप यांमुळे थोडाफार फरक पडतो. पण १०० ग्रॅमचा म्हणून घेतलेला रॉड १३५ भरला तर पुढे फार शोधायला नको. काच कार्बनपेक्षा ताठपणाला एक तृतीयांशाच्या आसपास आणि घनतेला सुमारे दीडपट. त्यामुळे काचेचा नकली रॉड तितकाच ताठ करायचा तर तो जाड किंवा जड, बहुधा दोन्ही होतो. वजनाबरोबर मुठीच्या लगेच पुढे ब्लँकचा व्यास व्हर्नियरने मोजून ठेवावा.

मग मॉडेलचा कोड वाचा. नकली माल बनवणारे इथे हमखास घसरतात. जी. लूमिस या रॉड कंपनीच्या ‘८४३’ मध्ये ८४ म्हणजे इंचांत लांबी, अर्थात सात फूट, आणि ३ म्हणजे पॉवर, म्हणजे रॉड वाकवायला लागणारा जोर. सेंट क्रॉय या दुसऱ्या कंपनीच्या ‘६८ एमएचएक्सएफ’ मध्ये सहा फूट आठ इंच, मीडियम हेवी पॉवर, एक्स्ट्रा फास्ट ॲक्शन. ॲक्शन म्हणजे भार आल्यावर रॉड कुठून वाकतो ते; जितकी फास्ट तितका तो टोकाकडेच वाकतो. असा कोड सहा फूट सहा इंची रॉडवर दिसला तर तो कोड दुसरीकडून नकललेला आहे. लुअरच्या, म्हणजे फेकायच्या नकली आमिषाच्या, वजनाची दोन एककं एकमेकांशी जुळतात का तेही पाहा: पाव ते पाच अष्टमांश औंस म्हणजे ७ ते १८ ग्रॅम. शेजारी १० ते ३० ग्रॅम छापलेलं असेल तर छापणाऱ्याला रॉडशी देणंघेणं नव्हतं. अक्षरांवरून नख फिरवा. अस्सल रॉडवर अक्षरं बहुधा पारदर्शक थराच्या खाली असतात, स्टिकरची कड नखाला लागत नाही.

गाइडमध्ये, म्हणजे दोरी ज्यांतून जाते त्या कड्यांमध्ये, सर्वांत जास्त पैसा लपवता येतो. फुजी ही गाइड बनवणारी कंपनी; तिच्या रिंगांची चढती भाजणी अशी: ॲल्युमिनियम ऑक्साइड, अल्कोनाइट, सिलिकॉन कार्बाइड म्हणजे एसआयसी, आणि वर टॉर्झाइट. फ्रेम स्टेनलेस किंवा टायटॅनियमची. लोहचुंबक फ्रेमला ठळकपणे चिकटला तर ते टायटॅनियम नव्हे. उलट नाही चिकटला तर काहीच सिद्ध होत नाही, कारण चांगलं स्टेनलेसही जवळपास चिकटत नाही. अनेकजण इथे फसतात. प्रत्येक रिंगमधून कापसाचा बोळा फिरवा. एक जरी धागा अडकला तरी रिंगला तडा आहे, आणि तो तडा ब्रेडेड लाइन, म्हणजे विणलेली दोरी, कापत राहतो. गाइडचा पाय ब्लँकवर जिथे संपतो ती जागा भिंगातून बघा. तो पाय कानशीने घासून पातळ केलेला असावा लागतो. स्वस्तात जुळवलेल्या रॉडवर बोथट किंवा धारदार टोक तसंच गाइड बांधणाऱ्या दोऱ्याखाली दाबलेलं असतं, ब्लँक वाकला की ते कार्बनमध्ये रुततं आणि काही महिन्यांनी रॉड बरोबर तिथेच तुटतो. मग विक्रेता म्हणतो, तुम्ही मासा नीट ओढला नाही.

एवढं सगळं जुळलं आणि तरी मन खात असेल तर ताठपणा मोजा. विल्यम हॅनेमन यांनी यासाठी एक पद्धत घालून दिली, कॉमन सेंट्स नावाची. ते नाण्यांची पिशवी वापरत, आपण ग्रॅममधली वजनं वापरावीत. मूठ आडवी घट्ट बांधायची, टोकाची उंची नोंदवायची, आणि टोक रॉडच्या लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत टोकाला वजन वाढवत जायचं. सात फुटांचा रॉड २१३ सेंटिमीटर, म्हणजे टोक ७१ सेंटिमीटर उतरेपर्यंत. लागलेलं वजन ही रॉडची खरी ताकद. त्याच स्थितीत टोक आडव्या रेषेशी किती अंशांचा कोन करतं तेही मोजायचं. कोन ६६ च्या वर असेल तर ॲक्शन फास्ट. त्याच मॉडेलच्या खात्रीच्या रॉडशी हे दोन आकडे ताडून पाहा. ‘हातात छान वाटतो’ या वाक्यापेक्षा ते जास्त सांगतात.

जुन्या मालात फसवणूक वेगळी असते. तिथे रॉड अस्सल असतो, पण पूर्ण नसतो. टोकाचे पाच-सात सेंटिमीटर तुटल्यावर नवं टिप-टॉप, म्हणजे अगदी टोकाचं कडं, चिकटवून तो विकला जातो. लांबी मोजली की कळतं. विक्रेता ‘थोडा फरक असतोच’ म्हणाला तर टिप-टॉप आणि पहिल्या गाइडमधलं अंतर पाहा. गाइडमधली अंतरं टोकाकडून मुठीकडे हळूहळू वाढत जातात. पहिलंच अंतर अचानक तोकडं असेल तर टोक गेलेलं आहे, आणि त्याबरोबर ॲक्शनही. दुसरा प्रकार दोन वेगळ्या रॉडचे अर्धे भाग जोडून विकण्याचा. दोऱ्याची छटा, इपॉक्सीचा पिवळेपणा, आणि मुख्य म्हणजे जोड तपासा. स्पिगॉट प्रकारच्या जोडात, म्हणजे एका भागाची खुंटी दुसऱ्यात शिरते त्यात, दोन भागांमध्ये थोडी फट दिसायलाच हवी, झिजेसाठी ती मुद्दाम ठेवलेली असते. फट अजिबात नसेल तर जोड झिजून संपत आला आहे. जोड हलवल्यावर टकटक आवाज आला तर घेऊ नका. सैल जोडाच्या कडेवर सगळा भार येतो आणि बाहेरचा भाग उभा चिरतो.

हमीबद्दल थोडक्यात. बहुतेक मोठ्या कंपन्यांची हमी फक्त पहिल्या मालकाला, अधिकृत विक्रेत्याच्या पावतीवर मिळते. दुसऱ्या देशाच्या बाजारासाठीचा रॉड स्वतः मागवला तर पुष्कळदा ती लागूच नसते. ‘आजीवन हमी’चा अर्थही पुष्कळदा शुल्क भरून तुटलेला भाग बदलून मिळणं इतकाच असतो. जुना रॉड ‘हमीसह’ म्हणून चढ्या भावाने विकणारा स्वतःकडे नसलेली वस्तू विकतो.

आता अस्सल महाग रॉड पैशाला जागतो का? शिमानो कंपनीचं स्पायरल एक्स आणि दाइवाचं एक्स४५, ही दोन्ही तंत्रं तिरप्या कार्बनने ब्लँकचा पीळ रोखतात. नावं वेगळी, दुखणं एकच, आणि फरक खरा आहे: फेकताना टोक कमी डोलतं, नेम सुधारतो. वरच्या मालिकांमध्ये रेझिन कमी, रॉड हलका, टोक लवकर स्थिरावणारं. दिवसभर लुअर फेकणाऱ्याला किंवा तळावरचा हलका स्पर्श बोटाला कळायला हवा असणाऱ्याला हे पैसे पटतील. आमिष लावून रॉड स्टँडवर ठेवणाऱ्याला त्यातलं जवळपास काहीच मिळत नाही. मधल्या किमतीच्या रॉडवर पुष्कळदा तेच फुजी गाइड आणि तेच रील सीट, म्हणजे रील बसवायची बैठक, असतं, म्हणून आमच्या मते सर्वांत महाग मालिकेच्या एक पायरी खाली थांबणं बहुतेकांना पुरतं. देशाच्या नावावर जास्तीचे पैसे देऊ नका. सेंट क्रॉयचे रॉड अमेरिकेत बनतात तसे मेक्सिकोतही, आणि १९९७ पासून जी. लूमिस शिमानोच्या मालकीची आहे. ब्रँडच्या नावापेक्षा मालिका आणि मॉडेल तपासणं जास्त उपयोगाचं.

फसवणूक लक्षात आली की जाहिरातीचे आणि संभाषणाचे स्क्रीनशॉट आधी काढा, कारण जाहिरात लगेच नाहीशी होते. पैसे ज्या मार्गाने दिले तिथे वादाची मुदत किती दिवसांची आहे ते त्याच दिवशी पाहा. सिरियल नंबर असेल तर तो वजन आणि फोटोंसह मूळ कंपनीला पाठवून नग अस्सल आहे का हे लेखी विचारा. तो रॉड पाण्यावर नेऊ नका. एकदा वापरला की दोष तुमच्या माथी मारणं सोपं होतं. आधीच मोडला असेल तर तुकडे टाकू नका. तुटलेल्या कडेला बाहेर आलेले तंतू पांढरट असतील तर ती काच. कार्बन आतपर्यंत काळाच असतो. काळ्या रंगाचा थर फसवू शकतो, म्हणून कडेचा आतला भाग ओल्या पॉलिश पेपरने किंचित घासून फोटो घ्या. घासताना हातमोजे आणि मास्क घाला, कारण या तंतूंची कुसळं कातडीत शिरली की सहज निघत नाहीत.