‘बेरकेलाना’ : सांगलीत ऐकलेले दांगदुत

चित्रपटप्रेमी मंडळींनी सांगलीत ठेवलेल्या एका छोटेखानी खेळात ‘रोमा इरामा बेरकेलाना’ हा १९७८ सालचा इंडोनेशियन चित्रपट नुकताच पाहायला मिळाला. बेरकेलाना म्हणजे भटकंती. सधन घरातला मुलगा गिटार घेऊन बाहेर पडतो, गाण्यावर उभे राहू पाहतो आणि आनीच्या प्रेमात पडतो. घरच्यांचा विरोध आणि ताटातूट आपण आपल्या पडद्यावर इतक्यांदा पाहिली आहे की पुढचा प्रसंग आधीच कळतो. नायक झालेला गायक रोमा इरामा नट म्हणून बेताचाच वाटला; याती ऑक्टावियाची आनी त्याच्यापेक्षा कितीतरी जिवंत आहे.

गाणे सुरू झाले की मात्र हाच माणूस पडदा व्यापून टाकतो. १९७० साली ‘सोनेता’ हा वाद्यवृंद काढून त्याने मलायी वाद्यवृंदाच्या संगीताला विजेच्या गिटारचा दणका दिला. इंडोनेशियातल्या या लोकप्रिय संगीताला दांगदुत म्हणतात, आणि हे नावच मुळी तालवाद्याच्या बोलावरून पडले आहे. त्यातला ‘दुत’ म्हणजे डग्ग्यावर मनगट दाबून नाद वर ओढावा तसा घुमारा. माझ्या शेजारी मिरजेचे एक तबलावादक बसले होते. पहिल्याच गाण्याला त्यांची बोटे गुडघ्यावर चालू लागली आणि ते हळूच म्हणाले, “अहो, हा तर आपला केरवा!” त्यांचे खरेच होते, कारण हिंदी चित्रपटगीते इंडोनेशियात घरोघरी पोचली होती आणि दांगदुतच्या गायक-गायिकांनी त्यांतल्या मुरक्या मनापासून गळ्यात उतरवल्या. ज्या सांगलीत १९३३ साली आशाबाईंचा जन्म झाला, तिथे बसून हे ऐकताना मला भरून आले.

खटकले ते एवढेच की संवादांखाली इंग्रजी ओळी होत्या, पण गाण्यांखाली एक अक्षरही नव्हते. १९७५ साली हजला जाऊन आल्यावर रोमा इरामाने गाण्यातून नीती आणि धर्म सांगण्याचे व्रतच घेतले होते. अशा गायकाच्या चित्रपटात गाण्यांचा अर्थ गाळणे म्हणजे कीर्तनातले निरूपण वगळण्यासारखे आहे. आयोजकांनी गाण्यांच्या मराठी अनुवादाचा एक कागद दारात वाटला असता, तरी भागले असते. खेळ संपल्यावर तबलावादकांनी मला विचारले, “पण तो सांगत काय होता?” मला उत्तर देता आले नाही.